चौदा खळगे

त्या रविवारी पिवळी वायर खिडकीतून खाली आली नाही, तेव्हा सगळ्या बिल्डिंगला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

गेले तीन महिने ती चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून खाली उतरत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या कुंड्यांना वळसा घालून ती दुसऱ्या मजल्यावर काकूंच्या कपड्यांच्या दोरीत अडकायची. काकू काठीनं ती सोडवायच्या आणि खाली ओरडून सांगायच्या, "गेली गं, धर!" पहिल्या मजल्यावरची शिंपीणबाई खिडकीत हात काढून तिला वाट करून द्यायची. शेवटी ती मागच्या आवारात उभ्या असलेल्या पांढऱ्या व्हॅनच्या पोटात शिरायची. व्हॅन विजेवर चालणारी होती आणि अण्णांची सून तीत बसून घरोघरची गाईगुरं, कुत्री-मांजरं बघत हिंडायची. ती जनावरांची डॉक्टर, म्हणून घरीदारी सगळे तिला डॉक्टरीणच म्हणत. व्हॅन वीज पीत असली की चौथ्या मजल्यावर मिक्सर लावायची सोय नव्हती. एकदा अण्णांच्या चिरंजीवांनी विसरून इस्त्री लावली, आणि अख्खा मजला अंधारात गेला.

तळमजल्यावरच्या गॅलरीत बसणारे अण्णा त्या वायरीकडे बघायचंही टाळत. निवृत्त वायरमन माणूस. या बिल्डिंगमधलं एकूण एक बटण त्यांच्या हातचं. चाळीस वर्षांत कुठे ठिणगी उडाली नव्हती, आणि हे ते ओळख झाल्यापासून तिसऱ्या वाक्याला सांगत. "माझ्या कामात चूक काढून दाखवा," हे त्यांचं पालुपद. अशा माणसाच्या पोटच्या पोरानं बिल्डिंगला शेपूट लावावी! शिवाय ते धोक्याचंही होतं, आणि तेवढं मात्र अण्णांचं खरं होतं.

म्हणूनच कमिटीच्या अध्यक्षांनी नोटीस लावली होती: वायर बंद, आणि रविवारी दहा वाजता मागच्या आवारात सभा. अध्यक्ष म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, तात्या. एकेकाळचे कोब्या-स्लॅबचे कंत्राटदार. आता दुसऱ्या मजल्यावरून सगळ्या बिल्डिंगवर नजर ठेवणं, हा त्यांचा धंदा.

वायर बंद झाल्याचं कुणाला फार दिवस वाईट वाटलं नसतं. पण तिच्या मागे जे होतं, त्यानं अण्णांची झोप उडवली होती. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यानं स्पष्ट कळवलं होतं, की राहत्या जागी चार्जिंगची रीतसर सोय असेल तरच व्हॅन घरी ठेवता येईल. व्हॅनमध्ये लशींचा फ्रीज होता, तो रात्रभर चालू हवा. सोमवारपर्यंत सभेचा मंजुरीचा ठराव आला नाही, तर दवाखान्याच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहायला या. क्वार्टर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. चौथ्या मजल्यावर खोकी भरून तयार होती. नातीनं, म्हणजे भिंगरीनं, आपल्या गोट्यांची बरणी कालच अण्णांच्या कपाटात आणून ठेवली होती. "तिकडे खाली माती आहे अण्णा, खळगे नाहीत. तुम्ही सांभाळा," असं म्हणाली आणि एका पायावर लंगडी घालत निघून गेली. अण्णा बराच वेळ त्या बरणीकडे बघत बसले होते.

भिंगरीचं दुपारचं जेवण अण्णांकडे असायचं. शाळेतून आली की आधी ती त्यांच्या दारात चपला भिरकावायची. ती जाणार, या विचारानं अण्णांना घास गोड लागेना.

आणि घोडं पेंड खात होतं ते एवढ्याशा गोष्टीपाशी. वाढीव वीज मंजूर होऊन आली होती. प्रश्न होता वायर मीटर रूमपासून गाड्यांपर्यंत न्यायची कशी. आवार उघडं, वर छप्पर नाही. मधून गाड्यांची ये-जा, म्हणजे वायर जमिनीवरूनही नेता येत नाही. न्यायची तर कोब्याखालून, आणि कोबा फोडायला तात्यांचा ठाम नकार. "खाली पिण्याच्या पाण्याची टाकी आहे. एक कुदळ चुकली की चौदा घरं गढूळ पाणी पितील."

कोब्याचा विषय निघाला की अण्णा दुसरीकडे का बघत, ते फक्त अण्णांना ठाऊक होतं.

चाळीस वर्षांपूर्वी ही बिल्डिंग उभी राहत असताना मागच्या आवारात चौदा दुकानांची रांग व्हायची होती. मग मालकानं बेत बदलला. दुकानं रद्द झाली, तिथे गाड्यांसाठी मोकळी जागा ठरली. नवा नकाशा अण्णांच्या हातात पडलाही होता. पण अण्णांचा एक बाणा होता: नकाशा एकदाच बघायचा. दोनदा बघतो तो शिकाऊ. त्यांनी नव्या कागदाची घडी केली, जेवणाचा डबा त्यावर ठेवला, आणि जुन्या नकाशाप्रमाणे मीटर रूमपासून चौदा दुकानांसाठी चौदा जाड पाइप जमिनीतून टाकले. ऐटीत, टाकीला सुबक वळसा घालून. तिसऱ्या दिवशी डबा उचलताना कागदाकडे लक्ष गेलं, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

कोबा दुसऱ्या दिवशी सकाळी पडायचा होता. अण्णांनी उजाडताच येऊन पाइपांची तोंडं जमिनीलगत कापली, लाकडाची बुचं ठोकली, वर वाळू पसरली, आणि चूप बसले. कोबा ओतण्याआधी जमीन तपासून वहीत सही करायचं काम तात्यांचं. तात्यांनी सही केली. न बघताच केली असणार, धाकटा तेव्हापासूनच कामचुकार, असं अण्णांनी मनाशी धरलं. त्या कामचुकारपणाचे त्यांनी मनातल्या मनात आभार मानले, आणि पुढे चाळीस वर्षं त्याच कामचुकारपणावरून भावाला टोमणे मारले. कोब्यात जागोजागी अंगठ्याएवढे खळगे होते. बिल्डिंगमधल्या दोन पिढ्यांतली पोरं त्यांत गोट्या खेळत वाढली. "धाकट्याचं कच्चं काम!" असं अण्णा चारचौघांत त्या खळग्यांकडे बोट दाखवून म्हणायचे. तात्या हसून सोडून द्यायचे.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती अण्णांनी बायको असताना तिच्यापुढेही उघडली नव्हती.

दहा वाजता आवारात खुर्च्या मांडल्या गेल्या. ज्यांना खुर्ची मिळाली नाही ते स्कूटरवर बसले. शिंपीणबाई इतिवृत्ताची वही घेऊन व्हॅनच्या पायरीवर टेकली. काकूंनी चहाची किटली आणली, आणि नवऱ्याच्या, म्हणजे तात्यांच्या शेजारची राखीव खुर्ची सोडून सरळ डॉक्टरीणबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. सभा सुरू व्हायच्या आधीच तात्यांचं एक मत फुटलं होतं.

"अहो, इकडे बसा," तात्या दबक्या आवाजात म्हणाले.

"मी बसले तिथे बरी आहे," काकू अजिबात न दबता म्हणाल्या. "तुम्ही सुरू करा."

चिरंजीव शाळेत गणित शिकवत. त्यांनी मोठा कागद उलगडला. "तात्या, मी तीन मार्ग काढलेत. पहिल्यात फक्त बारा फूट कोबा फोडायचा. टाकीपासून चांगलं नऊ फूट लांब."

"नाही."

"दुसऱ्यात..."

"नाही म्हटलं ना. तिसऱ्यालाही नाही."

"बघा तरी आधी!"

"कोब्याला कुदळ लागणार नाही," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज एकदम इतका चढला, की व्हॅनखालची मांजर पळाली. "माझ्या हातचा कोबा आहे. चाळीस वर्षांत त्याला तडा गेलेला नाही."

"तडा नाही, पण खळगे आहेत की!" कुणीतरी मागून म्हणालं. सगळे हसले. नेहमी सर्वांत मोठ्यानं अण्णाच हसायचे. आज त्यांना हसू फुटलं नाही.

शिंपीणबाईनं पेन वर केलं. "मी बोलू का? मी भाडेकरू. मला विजेची स्कूटर घ्यायची आहे, कपडे पोचवायला. पण घेऊन लावू कुठे? मशीन चालवू की स्कूटर? हा प्रश्न काही एकट्या डॉक्टरीणबाईंचा नाही. आज त्यांचा, उद्या माझा, परवा तिसऱ्या मजल्याचा. ज्याचा बंगला त्याला सोय, आणि आपण फ्लॅटवाल्यांनी काय खिडकीतून शेपट्या सोडायच्या?"

"बरोबर बोलली," काकू म्हणाल्या. "माझ्या दोरीवरच्या पांढऱ्या साड्यांना त्या वायरीचा पिवळा रंग लागला, तरी मी ब्र काढला नाही. का? तर पोरगी मध्यरात्री अडलेल्या गाईसाठी धावते. तिला जायला गाडी नको? आणि ही पोरं गेली, तर सणावाराला माणसं मोजायची का आपण घरात?"

"मग काय करू मी?" तात्यांनी घाम पुसला. "पाण्यात माती गेली तर तुम्हीच मला धराल."

अण्णा भावाकडे बघत होते. हट्टी तो लहानपणापासून होता, पण आडमुठा नव्हता. भिंगरीला खांद्यावर घेऊन जिने चढणारा तात्याच. आज ती जाणार, आणि याला त्याचं काहीच नाही? अण्णांना राग आला. त्या रागाच्या तळाशी जी लाज होती, ती त्यांना नीट ओळखता येत होती. उत्तर त्यांच्या पायाखाली होतं, आणि ते पायावर पाय ठेवून बसले होते.

डॉक्टरीणबाई उठल्या. "तात्या, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सभेनं भांडायला नको. आम्ही जातो. तिकडेही माणसंच राहतात." मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, "रविवारी येत जाऊ आम्ही, अण्णा. भिंगरीच्या गोट्या तेवढ्या राहू द्या तुमच्याकडे." आणि त्या वाकून व्हॅनमध्ये काढून ठेवलेल्या पिवळ्या वायरीची गुंडाळी करू लागल्या. वायर त्यांनी नीट हाताच्या पंजाला आणि कोपराला वळसे घेत गुंडाळली. तीन महिन्यांपूर्वी अण्णांनीच तसं शिकवलं होतं, चिडचिड करत.

अण्णा उभे राहिले.

"थांबा. कुदळ लागणार नाही. खाली पाइप आहेत."

"दादा, खाली बस," तात्या म्हणाले.

"नाही बसत. चौदा पाइप आहेत. मीटर रूमपासून इथवर. मीच टाकलेत. चुकून टाकलेत." एवढं बोलल्यावर त्यांना दम लागला, पण आता मागे फिरायला वाट नव्हती. "दुकानं रद्द झाली होती. नवा नकाशा माझ्या डब्याखाली होता. मी बघितला नाही. कळलं तेव्हा बुचं मारली, वाळू टाकली आणि गप्प बसलो. चाळीस वर्षं 'चूक दाखवा, चूक दाखवा' करत तुमच्या डोक्यावर मिरे वाटले. ही घ्या चूक. एक नाही, चौदा. पण तोंडं नेमकी कुठे आहेत ते आता सांगता येत नाही. वर कोबा पडलाय. आत सिमेंट गेलं असेल तर तेही नाही. पण शोधू या. मी शोधतो. पोरांना जाऊ देऊ नका."

चिरंजीव वडिलांकडे असे बघत होते, की जणू पाढा म्हणताना सूर्यच चुकला. भिंगरी मात्र आनंदानं ओरडली, "अण्णा, तुमची चौदा गणितं चुकली?"

"चौदाच्या चौदा, बाळा."

तात्या खुर्चीतून हळूहळू उठले. त्यांचा चेहरा विचित्र झाला होता, रडावं की हसावं ते न कळलेल्या माणसासारखा. ते चार पावलं चालले आणि एका खळग्यात त्यांनी आपला अंगठा ठेवला. बरोबर बसला.

"सिमेंट गेलेलं नाही," ते म्हणाले. "तुझी लाकडाची बुचं मी काढली, दादा. लाकूड कुजलं असतं. प्रत्येक तोंडावर जाड पत्र्याचं झाकण बसवलं, मग कोबा ओतला. आणि ओला असताना वर अंगठा दाबला. चौदा ठिकाणी."

अण्णा त्या खळग्यापाशी आले. "तू... तू तपासलं होतंस?"

"कामाची जमीन न तपासता मी कधी सही केली आहे?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर मालकानं तुला हाकललं असतं. तुझं लग्न ठरलं होतं त्या महिन्यात." तात्या कोब्याकडेच बघत बोलत होते. "म्हटलं, कधीतरी दादा आपणहून विचारेल, की धाकट्या, ते पाइप बुजले का रे? तेव्हा दाखवायला खूण हवी, म्हणून अंगठा मारून ठेवला. तू विचारलंच नाहीस. उलट कच्चं काम म्हणून हसायचास."

"आणि आज कुदळ नको, कुदळ नको करत होतास..."

"टाकीला काय धाड भरते? टाकी तिकडे आहे. पण इथे कुठेही फोडलं असतं तरी पाइप निघाले असते. चिरंजीवांचे तिन्ही मार्ग बरोबर त्यांच्यावरून जातात. मग सगळ्यांनी विचारलं असतं, कुणी टाकले? सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला चारचौघांत मान खाली घालायला लावू?" त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. "पोरगी जाणार म्हणून काय मी सुखात होतो? आठ दिवस जेवण जात नाही मला. विचार हिला."

"आठ दिवस मला वाटतंय यांचं पोट बिघडलंय," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "काढे पाजले! अहो, काखेत कळसा नि गावाला वळसा, तसे दोघे भाऊ कळशावर बसून होतात. बोलायला काय झालं होतं?"

अण्णांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मी तुला कामचुकार म्हणत होतो रे."

"अजून म्हण. त्यात मजा होती," तात्या म्हणाले. "आता कुणीतरी छिन्नी-हातोडा आणा. पण फोडणार मी. बाकी कुणी हात लावायचा नाही."

कुदळीची गरजच पडली नाही. खळग्यावर छिन्नीचे आठ-दहा घाव बसले आणि खाली पत्रा खणखणला. तात्यांनी झाकण उचकटलं. आत पाइप कोरडा ठणठणीत होता, आणि त्याच्या तोंडाशी नायलॉनच्या दोरीची गाठ. रिकाम्या पाइपात पुढच्या माणसासाठी दोरी ओवून ठेवायची, म्हणजे पुढे वायर तिला बांधून ओढून घेता येते. ही अण्णांची जन्माची सवय. चुकीच्या पाइपातही त्यांनी ती मोडली नव्हती.

"बघा, चूक केली तीही नीट केली," शिंपीणबाई म्हणाली, आणि इतका वेळ दाबलेलं हसू सगळ्या आवारात एकदम फुटलं.

अण्णा मीटर रूमकडे जवळजवळ धावलेच. दरवाज्यामागच्या कोपऱ्यात, जुन्या पाटीमागे, चौदा पाइपांची तोंडं होती. ती त्यांनी स्वतः झाकून ठेवली होती आणि देवघरातल्या दिव्याइतकीच जपली होती. दोऱ्यांची टोकं तिथे लोंबत होती. त्यातलं नेमकं कोणतं, हे कळायला एकच उपाय. ते एकेक दोरी हातात धरून ओरडू लागले, "ओढ!"

पहिली हलली नाही. दुसरी नाही. पाचवी दोरी त्यांनी बोटाला गुंडाळली, आणि पलीकडून हलका हिसका बसला. एक, मग दोन. लहानपणी एका पांघरुणात झोपताना धाकटा असाच दादाची बाही ओढून तो जागा आहे का ते बघायचा. अण्णांनीही दोन हिसके दिले.

"आली का रे?" बाहेरून तात्या ओरडले.

"आली," अण्णा म्हणाले. ते एकटेच होते, म्हणून त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून घेतले.

ठराव एकमतानं झाला. पाइप चौदा, घरं चौदा. मालक असो वा भाडेकरू, प्रत्येकाला आपल्या मीटरवरून आपली वायर. पाइप आणि वायरी सरकारमान्य इंजिनिअरकडून तपासून मगच वीज सोडायची, ही ओळ अण्णांनी हट्टानं घालायला लावली. लिहिता लिहिता शिंपीणबाई थांबली.

"पाइप कसे आले, ते काय लिहू? अध्यक्ष म्हणतात, 'दूरदृष्टीने टाकलेले' असं लिहा."

"चूक लिही," अण्णा म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिही. आणि ती कुणी सांभाळली, तेही लिही."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी ठरावाची प्रत दवाखान्यात दिली आणि चिरंजीवांनी खोकी सोडायला घेतली. गोट्यांची बरणी भिंगरीनं परत नेली नाही. "इथून घ्यायला बरं पडतं," म्हणाली.

पंधरा दिवसांत चार्जिंगचा पहिला खांब उभा राहिला. इंजिनिअरनं तपासून हो म्हटलं, आणि पांढरी व्हॅन खिडकीशिवाय, काठीशिवाय, काकूंच्या दोरीशिवाय वीज पिऊ लागली. तात्यांनी खांबाभोवती ताजं सिमेंट भरून थापी फिरवली. भिंगरी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"सगळं छान आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही माझा खळगा बुजवलात. असे चौदाही बुजवणार. मग मी खेळू कुठे?"

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. तात्यांनी थापी बाजूला ठेवली, खांबापासून हातभर अंतरावरची ओली जागा निवडली, आणि अण्णांचा हात धरला.

"दादा, अंगठा दे."

"मी? कोब्याचं काम तुझं."

"मागच्या वेळी मी एकट्यानं केलं. आता तू कर. आणि दोनदा बघून कर."

अण्णा गुडघ्यावर बसले. त्यांनी जागा बघितली. मग, जन्मात पहिल्यांदाच, पुन्हा एकदा बघितली, आणि ओल्या सिमेंटमध्ये अंगठा दाबला.